स्वतःच्या सुताचं कापड

सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराला सरकार पेन्शन देणार, ही बातमी जर्मनीतल्या आमच्या श्टाइनग्रुंड गावात आली तेव्हा आधी हशा पिकला. १८९१ सालचा जानेवारी होता. माझे वडील आल्बिन क्रेचमर गावप्रमुख होते आणि वरून आलेला प्रत्येक कायदा खानावळीत उभं राहून वाचून दाखवणं हे त्यांचं काम होतं. त्यांचा उजवा हात थरथरायचा, म्हणून गावाचं लिखाण माझ्याकडे आलं होतं. पुढे जे झालं त्यातल्या बहुतेक ठिकाणी मी, हेडविग, कागद आणि दौत घेऊन कोपऱ्यात बसलेली होते.

"सत्तर? आल्बिन, चष्मा पूस. पन्नास असेल," मागून कुणीतरी ओरडलं.

"सत्तरच आहे."

"मग बर्लिनवाल्यांच्या तिजोरीला काही भोक पडत नाही. विणकरांच्या गावात सत्तरीचा माणूस दाखवायचा म्हणजे जत्रेत दोन डोक्यांचं वासरू दाखवण्यासारखं आहे."

बोलणारा थट्टा करत होता, पण ते खरं होतं. आमच्याकडे अळशीचं सूत विणतात. ते कोरड्या हवेत तुटतं. म्हणून विणकराच्या घरात थंडीतही जमीन ओली ठेवतात आणि खिडकी बंद. सूत टिकतं, छाती टिकत नाही. गावात सत्तरी ओलांडलेले पुरुष दोनच होते, गोटलोब हेन्श आणि एरेनफ्रीड व्युन्शे.

गोटलोबकाकांचं काम चुटकीसरशी झालं. त्यांनी काही वर्षांपूर्वी आपला माग मोडून चुलीत घातला होता आणि नदीकाठच्या यंत्राच्या गिरणीत झाडू मारायला लागले होते. गिरणीच्या मालकानं 'हा माझा मजूर' असं लिहून दिलं, वडिलांनी वय लिहून दिलं, आणि वसंत ऋतूत त्यांना पैसे सुरू झाले. महिन्याला नऊ मार्कच्या आसपास. लोणी नाही, पण बटाटे, जवसाचं तेल, चिकोरीची कॉफी आणि सरपण त्यात निघायचं. मग ते रोज दुपारी पाइप पेटवून एरेनफ्रीडकाकांच्या दाराशी जाऊन बसायला लागले.

"काय रे, तुझा लाकडी बैल अजून जिवंत आहे का?" ते विचारायचे. "दाणा खातो की नाही? माझा मी जाळला, दोन दिवस खोली ऊबदार होती. तेवढं सुख त्यानं आयुष्यात कधी दिलं नव्हतं."

"तू झाडूवाला आहेस, गोटलोब. झाडूवाल्याला मागातलं काय कळतं?"

"पेन्शनवाला झाडूवाला म्हण. बोलताना जरा मान ठेव."

दोघंही हसायचे. आतून रोझिनाकाकू ओरडायच्या, "गोटलोबभावजी, धूर आत येतोय!" आणि गोटलोबकाका पाइप दुसऱ्या हातात घ्यायचे, एवढंच.

रोझिना ही एरेनफ्रीडकाकांची बायको. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या आणि विणून झालेलं कापड तपासलं होतं. पांढऱ्यावर पांढरी नक्षी असते आमच्या मेजपोशांवर. ती फक्त तिरप्या उजेडात दिसते, आणि एक धागा चुकला तर व्यापारी पैसे कापतो. रोझिनाकाकूंचे डोळे त्या नक्षीत गेले. आता त्यांना खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. कांड्या त्या अजूनही भरायच्या, बोटांनी. सकाळी त्यांची वेणी एरेनफ्रीडकाका घालायचे. मी एकदा चुकून त्या वेळी आत गेले, तर काका मान वर न करता म्हणाले, "थांब पोरी, तिसरा पेड सुटतोय."

आता काकांचे हात पूर्वीसारखे चालत नव्हते. मुलं तरुणपणीच छातीच्या दुखण्यानं गेलेली. खोलीचं भाडं थकलं होतं आणि घरमालक शेतकऱ्यानं वडिलांना सांगून ठेवलं होतं की, हिवाळ्याआधी पेन्शन नाही आलं तर या दोघांचं गावानं बघावं.

गावानं बघावं म्हणजे गरीबखाना. चर्चच्या मागे, ओढ्याच्या उताराला. दोन खोल्या, मध्ये एक चूल. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. नवराबायको असले तरी नियम तोच, कारण खोल्याच दोन होत्या. आत जाताना माणसाची सगळी चीजवस्तू गावाच्या मालकीची व्हायची, आणि गाव ती विकून खर्च भागवायचं. हे सगळं करायचं काम माझ्या वडिलांचं होतं. त्यामुळे एरेनफ्रीडकाकांना पेन्शन मिळावं असं त्या दोघांच्या खालोखाल कुणाला वाटत असेल, तर ते माझ्या वडिलांना.

अडचण एकच होती. कायदा मजुरांसाठी होता. जो दुसऱ्याच्या हाताखाली मजुरी करतो त्याच्यासाठी. स्वतःचा धंदा करणाऱ्यासाठी नाही. एरेनफ्रीडकाका राइशेल व्यापाऱ्याचं सूत आणायचे, राइशेलनं दिलेली नक्षी विणायचे, राइशेल ठरवेल तो भाव घ्यायचे. पण माग त्यांचा स्वतःचा होता आणि तो त्यांच्या घरात होता. असा माणूस मजूर की धंदेवाला, हे पेन्शनच्या साहेबानं चौकशी करून ठरवायचं होतं. मागची तीन वर्षं त्यानं अशी मजुरी सलग केली हेही दाखवायचं होतं.

वडील आधी राइशेलकडे गेले. मी सोबत होते.

"मी कुणाला नोकरीला ठेवलेलं नाही, क्रेचमर," राइशेल म्हणाला. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली. माणूस वाईट नव्हता. "म्हातारा कापड विणतो, मी विकत घेतो."

"शेठ, सूत तुमचं. नक्षी तुमची. भावही तुमचाच."

"आणि माग त्याचा. हे बघा, मजूर म्हटलं की त्याच्या पेन्शनच्या विम्याचा अर्धा हप्ता मालकानं भरायचा. आज मी व्युन्शेला मजूर म्हटलं, की उद्या या खोऱ्यातले सगळे विणकर माझे मजूर. मग मी दुकान बंद करतो, आणि पेन्शन कुणालाच नको, कारण काम कुणालाच नाही."

"मग 'तो मजूर नाही' असं तरी लिहून देऊ नका."

राइशेलनं कपात साखर ढवळली. "मी काहीच लिहून देत नाही. म्हाताऱ्याला स्वतःला बोलू दे. त्यानं मला मालक म्हटलं तर मी भांडायला येणार नाही. एवढं माझ्याकडून."

तेवढंही पुष्कळ होतं. वडील तिथून थेट एरेनफ्रीडकाकांकडे गेले आणि मागाच्या फळीवर बसून त्यांना शिकवायला लागले. खोली इतकी लहान की माग सोडला तर बसायला जागा ती फळीच.

"तुम्ही कोण, असं साहेब विचारतील. काय सांगाल?"

"उस्ताद विणकर."

"नाही. मजूर."

"आल्बिन, माझ्या बापानं मला उस्तादाचा दर्जा मिळावा म्हणून त्सिटावच्या कारागीर पंचायतीपुढे टोपी काढून उभं राहून दिवस काढलेत."

"तुमचे वडील आता नाहीत, काका. साहेब आहेत. कोण तुम्ही?"

रोझिनाकाकू कांडी भरत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही, फक्त चाकाचा वेग कमी झाला.

"मजूर," काका म्हणाले.

"कुणाचे?"

"राइशेलचा."

"माग कुणाचा?"

"खोटं सांगायचं का?"

"खोटं नको. माग माझा, पण त्यावर राइशेलशेठचं सोडून दुसऱ्या कुणाचं सूत चढत नाही, असं सांगा. हे खरं आहे ना?"

"खरं आहे. दुसऱ्या कुणाचं सूत चढवायला दुसरं देतोय कोण?"

"झालं तर मग. पुन्हा एकदा. कोण तुम्ही?"

"अहो, सांगतील ते," रोझिनाकाकू मध्येच म्हणाल्या. "मजूर म्हणायला लागलं तर मजूर म्हणतील, शेण काढणारा म्हणायला लागलं तर तेही म्हणतील. काय हो?"

"म्हणेन," काका म्हणाले. आणि ते म्हणणार होते. साहेबांसमोर ताठा दाखवून त्यांनी काम बिघडवलं, असं गावात नंतर काही लोक बोलायचे. तसं झालं नाही. ताठा त्यांनी त्या दिवशीच गिळला होता. मी पाहिलं आहे.

'दुसऱ्या कुणाचं सूत चढत नाही' हे आम्ही तिघं-चौघं म्हणालो तेव्हा आमच्यापैकी एकालाही ते खोटं वाटलं नाही. गावात दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर त्यालाही वाटलं नसतं.

सप्टेंबरात पेन्शनचे साहेब आले. नाव टीमे. त्यांना शाळेची खोली दिली. साहेब गुरुजींच्या टेबलाशी बसले आणि एरेनफ्रीडकाका मुलांच्या बाकावर. त्यांचे गुडघे बाकात मावत नव्हते, म्हणून ते तिरके बसले होते. मागच्या बाकांवर गोटलोबकाका आणि शेजारची आमालिया योख. आमालिया ही साक्षीदार. तिची खोली आणि काकांची खोली यांच्यामध्ये फक्त फळ्यांची भिंत होती. माग रोज चालतो की नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. फेब्रुवारीत तिचा नवरा कार्ल वारला होता. ती काळ्या कपड्यात आली होती आणि चौकशी असली तरी आपण एका चांगल्या माणसाविषयी चांगलं बोलायला आलो आहोत, हा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

साहेब सभ्य होते. त्यांनी आधी काकांच्या तब्येतीची चौकशी केली. मग विचारलं, "आपण कोण?"

"मजूर. राइशेलशेठचा."

"सूत कुणाचं?"

"त्यांचं."

"भाव कोण ठरवतं?"

"शेठ ठरवतात. मी कधी ठरवला असता तर इथे बसलो नसतो."

साहेब किंचित हसले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहीत होते आणि शाई वाळायच्या आत पुढची ओळ येत होती, इतकं सगळं सरळ चाललं होतं.

"आता काम सलग होतं का, ते पाहू. या बाई?"

आमालिया उभी राहिली. "रोज, साहेब. पहाटेपासून ठकठक ठकठक. माझा कार्ल म्हणायचा, घड्याळ कशाला विकत घ्यायचं, शेजारी व्युन्शे आहे."

"रोज? मला वाटतं गेल्या हिवाळ्यात सुताची टंचाई होती. व्यापाऱ्यांनी कित्येक आठवडे सूत दिलं नव्हतं. तेव्हा माग बंद असणार."

ही एक अडचण होती, आणि ती वडिलांच्या लक्षात आली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं, पण आमालिया आधी बोलली. मदतीला धावून जावं तशी बोलली.

"बंद? अजिबात नाही! फेब्रुवारीत ऐन बर्फात चालू होता. माझ्या कार्लचं कापड तेव्हाच विणलं त्यांनी. तो गेला त्या दिवशी ताणा चढवला, आणि पुरायच्या आदल्या दिवशी कापड तयार. स्वतः आजारी होते, खोकत होते, पण थांबले नाहीत. असा माणूस आहे हा, साहेब."

"कार्लचं कापड म्हणजे?"

"पुरायचं. अंगावर घालायचं."

साहेबांनी लेखणी दौतीत बुडवली. "सूत राइशेलचं?"

"छे! पुरायच्या कापडाला व्यापाऱ्याचं सूत कोण घेईल? त्यांचं स्वतःचं होतं. रोझिनावहिनींनी कातलेलं, ठेवणीतलं."

"आणि आपण त्याचे पैसे दिलेत?"

आमालियाचे गाल लाल झाले. "न देऊन कसं चालेल? मी काय भिकारीण आहे? एक ग्रोशन दिला. कापायच्या आधी, मागावर ठेवला. सगळ्यांदेखत."

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या खोलीत साहेब सोडून सगळ्यांना माहीत होती. आमच्या खोऱ्यात कुणी वारलं की शेजारचा विणकर त्याचं कापड स्वतःच्या सुतानं विणतो. आणि घरचं माणूस एक ग्रोशन, म्हणजे एक किरकोळ नाणं, आणून मागावर ठेवतं. तोपर्यंत कापड मागावरून कापत नाहीत. एका ग्रोशनमध्ये त्यातलं सूतही येत नाही, विणणं तर सोडाच. पण तो दिल्याशिवाय चालत नाही. ज्याचा ग्रोशन दिला गेला नाही तो दुसऱ्याच्या कापडात मातीत गेला, असं मानतात, आणि त्याला तिथे पडून राहता येत नाही. कुणी खरंच असं मानतं का, मला माहीत नाही. पण ग्रोशन न देता पुरलेलं माणूस आमच्याकडे एकही नाही.

हा धंदा आहे असं आमच्यातल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. वडिलांच्याही नाही.

"म्हणजे व्युन्शे स्वतःच्या मागावर, स्वतःच्या सुतानं, गिऱ्हाइकासाठी कापड विणतात आणि विकतात," साहेब हळू म्हणाले. त्यांच्या आवाजात पकडल्याचा आनंद नव्हता. उलट ते थोडे अस्वस्थ झाले होते. "असं किती वेळा केलंत, व्युन्शे? गेल्या तीन वर्षांत?"

"जेवढे मेले तेवढ्या वेळा," काका म्हणाले.

गोटलोबकाकांनी न पेटवलेला पाइप दातात धरला होता, तो त्यांनी काढला.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "हे पहा. शेजाऱ्यासाठी मदत म्हणून केलेलं काम हा धंदा होत नाही. कापड आपण भेट दिलं असेल आणि बाईंनी आठवण म्हणून एखादं नाणं ठेवलं असेल, तर मला तसं लिहिता येईल. मी आपल्याला स्पष्ट विचारतो. ते कापड भेट होतं का?"

साहेबांनी सुटकेचं दार उघडून दिलं होतं. काकांनी फक्त मान हलवायची होती. वडील पुढे झुकले होते. मी लेखणी कागदावर टेकवली होती आणि टेकवलेल्या जागी शाईचा ठिपका मोठा होत होता.

काकांनी आमालियाकडे पाहिलं. तिला आत्ता कळायला लागलं होतं. तिचे हात रुमालाशी चाळा करत होते आणि ती काकांकडे अशी पाहत होती की काहीही म्हणा, पण. त्या 'पण'च्या पुढे तिला स्वतःलाही जाता येत नव्हतं. सरकारी कागदावर, गावप्रमुखासमोर, कार्लचं कापड दान होतं असं लिहिलं जाणार होतं. कार्ल सात महिने मातीत होता.

"भेट नव्हतं," एरेनफ्रीडकाका म्हणाले. "त्यांनी पैसे दिले. पूर्ण दिले."

"व्युन्शे, उत्तर द्यायच्या आधी..."

"साहेब, कार्ल कुणाचं काही देणं लागत नाही."

मग साहेबांनी लिहिलं. पुष्कळ वेळ लिहिलं. जाताना त्यांनी काकांशी हात मिळवला आणि वडिलांना सांगितलं की वर दाद मागता येईल, पण आशा ठेवू नका.

शाळेबाहेर गोटलोबकाकांनी काकांची बाही धरली. "अरे मूर्खा! 'हो' म्हणायला काय झालं होतं? मेलेला कार्ल उठून यायचा होता का भांडायला?"

"हात सोड."

"आमालिया, तू तरी तोंड बंद ठेवायचंस! ग्रोशन, ग्रोशन! मोठी सावकारीण लागून गेली!"

आमालिया रडत होती. "मला काय माहीत? मला वाटलं, माग बंद नव्हता हे सांगायचंय. मला वाटलं, चांगलं बोलतेय."

"चांगलंच बोललीस तू," एरेनफ्रीडकाका तिला म्हणाले. "घरी जा. थंडी आहे."

वडील आणि मी काकांना घरापर्यंत सोडायला गेलो, कारण रोझिनाकाकूंना सांगायला कुणीतरी सोबत असावं असं वडिलांना वाटलं. काकू दाराशी उभ्या होत्या. पावलं ओळखून म्हणाल्या, "चौघं असायला हवे होते. गोटलोबभावजी का नाहीत? म्हणजे वाईट झालं."

वडिलांनी सगळं सांगितलं. त्यांनी ते होईल तितकं मऊ करून सांगितलं, साहेबांच्या प्रश्नापर्यंत. मग थांबले. पुढचं काकांनी स्वतः सांगितलं.

काकू खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांचे डोळे काकांच्या दिशेनं होते, पण थोडे बाजूला, जिथे काका दोन क्षणांपूर्वी उभे होते.

"त्यानं तुम्हाला विचारलं. सरळ विचारलं."

"विचारलं."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"आमालिया समोर बसली होती, रोझिना."

"मी नव्हते ना बसलेली." काकूंचा आवाज चढला नव्हता. "मी बसलेली असते तर? कार्लकडे बघितलंत. आमालियाकडे बघितलंत. मातीत पडलेल्या माणसाला पाठ खुपू नये म्हणून बघितलंत. तिकडे माझी वेणी कोण घालणार, ते नाही बघितलंत?"

काकांनी हातातली टोपी मागाला अडकवली.

"मजूर म्हणालात ना? ते म्हणता आलं. मग हे एवढं नाही म्हणता आलं?"

"नाही आलं."

"का?"

काकांनी खरंच विचार केला. ते मागाच्या फळीवर बसले आणि उत्तर शोधायला लागले. मी वाट पाहत होते, मलाही ते हवं होतं. पण ते शेवटी एवढंच म्हणाले, "मजूर मी माझ्यापुरता झालो होतो."

"आणि मी?" काकू म्हणाल्या. "मी कुणापुरती आहे?"

आम्ही दोघं बाहेर आलो. वडील ओढ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे कठड्याला हात टेकून उभे राहिले. त्यांना घरी यायला फार वेळ लागला.

वर दाद मागितली. अर्ज मी लिहिला, चार वेळा फाडून. ग्रोशन हा रिवाज आहे, किंमत नाही, हे मी जितक्या प्रकारे मांडता येईल तितक्या प्रकारे मांडलं. उत्तरात होतं की अर्जदारानं स्वतः 'पूर्ण पैसे मिळाले' असं सांगितलेलं आहे. त्यापुढे माझं सगळं लिहिणं वायाच होतं.

नोव्हेंबरात त्यांना गरीबखान्यात नेलं. माग लिलावात निघाला, पण माग घेणारं आता कोण उरलं होतं? एका शेतकऱ्यानं मोठ्या तुळया गोठ्यासाठी नेल्या. बाकी लाकूड गरीबखान्याच्याच चुलीसाठी ठेवलं. गोटलोबकाका त्या दिवशी आले नाहीत. नंतर ते दर रविवारी यायचे, थोडा चक्का किंवा तंबाखू घेऊन, आणि एकही थट्टा न करता तासभर बसून जायचे.

डावीकडच्या खोलीत सहा पुरुष होते, उजवीकडे पाच बायका. चुलीपाशी दोघांना दुपारी भेटता यायचं. पहिल्या काही दिवसांत काका तिथे जाऊन बसायचे, पण काकू बाहेर यायच्या नाहीत. दुसऱ्या बायका हात धरून आणायला तयार होत्या. "मला ऊब नको," असं काकू सांगायच्या. त्यांचे केस हिवाळ्याच्या शेवटी कापून टाकावे लागले, कारण गुंता सुटत नव्हता. पुढे त्या चुलीपाशी यायला लागल्या. दोघं शेजारी बसायचे. जेवण, हवा, कोण वारलं, एवढं बोलायचे. गावात कुणी वारलं तर कापड आता दुकानातून यायचं.

तीन वर्षांनी कायदा बदलला. घरी स्वतःच्या मागावर विणणाऱ्यांनाही पेन्शनमध्ये घेतलं. ते पत्र आलं तेव्हा वडिलांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग टोपी घालून निघाले. मी त्यांच्यामागे जवळजवळ धावत होते आणि धावताना खालची कलमं वाचत होते. गरीबखान्याच्या दारापर्यंत मला कळून चुकलं होतं. लगतच्या मागच्या वर्षांत विणकाम केल्याचा पुरावा लागणार होता. या माणसाचा माग गावानं विकला होता. या वर्षांत त्यानं एक बोटभर कापड विणलेलं नव्हतं.

मी वडिलांना दारातच थांबवलं आणि ते कलम दाखवलं. ते तिथेच पायरीवर बसले.

एरेनफ्रीडकाका बाहेर आले. आता ते भिंतीला धरून चालायचे. वडिलांच्या हातातला कागद पाहून त्यांनी विचारलं आणि वडिलांनी खोटं न बोलता सांगितलं. कायदा बदलला आहे, गोटलोबसारखं आता विणकरालाही मिळणार आहे, आणि तुम्हाला मिळणार नाही.

काकांनी ऐकून घेतलं. माग विकला नसता तर, असं त्यांनी म्हटलं नाही. ते म्हणायची गरजच नव्हती, कारण विकणारा समोर पायरीवर बसला होता.

"पलीकडे रोझिनाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"काका, उद्या ना परवा गावातून कळेलच."

"उद्याचं उद्या. आज नको." ते वळले आणि आत गेले.

परत निघताना उजवीकडच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. रोझिनाकाकू दाराजवळच्या खाटेवर बसल्या होत्या, कापलेल्या केसांवर फडकं बांधून.

"हेडविग ना गं तू? आणि बापही आहे बरोबर. एवढ्या घाईनं का आलात?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

"काही नाही, काकू," मी म्हणाले. "धुराड्याचं बघायला आलो होतो."

"मग नीट बघायला सांग त्याला," काकू म्हणाल्या. "सगळा धूर आमच्याच बाजूला येतो."